उडत्या बदकाचा फोटो मऊ येतोय? लेन्स विकायच्या आधी एवढं बघा

थंडी पडली आणि सातारा जिल्ह्यातल्या मायणी-येरळवाडी तलावांच्या पाण्यावर चक्रवाक बदकं उतरली की ऐन लग्नाच्या सीझनमध्ये आमच्याकडची निम्मी कॅमेरावाली पोरं पहाटे गायब होतात. आणि आठवड्याभरात त्यांतली एक-दोन माझ्या विट्याच्या स्टुडिओत हजर. वाक्य ठरलेलं, "दादा, लेन्स गंडलीय. बसलेलं बदक झकास येतं, उडालं की सगळं मऊ." मऊ म्हणजे अस्पष्ट, कडा न धरलेलं. कुणी सेकंडहँड घेतलेली १५०-६०० मिलिमीटरची लेन्स विकायला काढलेली असते, तर कुणी पन्नास हजार अजून घालून मोठी लेन्स घ्यायच्या विचारात असतं. या तक्रारीचे कॅमेरे मी इतके पाहिलेत की आता आधी लेन्सकडे बघतच नाही. कार्ड काढतो, फोटो संगणकावर टाकतो आणि एकच गोष्ट शोधतो, या फ्रेममध्ये काहीतरी शार्प आहे का, आणि असेल तर काय?

या प्रश्नाचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

- बदक मऊ, पण मागची बाभूळ, बेशरमीचं झुडूप किंवा पुढचं पाणकणीस कडक शार्प. फोकस चुकीच्या जागी बसलाय.
- बदक मऊ आणि मागचं पाणीही एकाच दिशेने ओढल्यासारखं, ठिपक्यांच्या रेघा झालेल्या. हात हलला, शटरचा वेग कमी पडला.
- डोकं आणि अंग बरं, पंखांची टोकं पुसट. हा बहुतेक वेळा दोषच नसतो. खाली सांगतो.
- सगळी फ्रेम सारखीच मऊ, कडा दुहेरी किंवा लाटालाटांच्या, आणि लागोपाठच्या दहा फ्रेममध्ये प्रत्येक वेगळी. दोष मधल्या हवेचा.
- प्रत्येक फोटोत, कुठलाही विषय असो, डावी किंवा उजवी एकच बाजू मऊ. इथे मात्र लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.
- कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बरा दिसलेला फोटो घरी एडिट केल्यावर चिखल. दोष तुमच्या एडिटिंगच्या स्लायडरचा.

आता तपासण्या. क्रम फुकटापासून खर्चाकडे आहे, तो मोडू नका. शेवटची तपासणी आधी करणाऱ्यांचेच पैसे जातात.

फोटो नीट बघितलाय का?

हसू नका. येणाऱ्यांपैकी बरेच जण व्हॉट्सअॅपवरून मोबाइलवर आलेला फोटो दाखवून लेन्सला शिव्या घालतात. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, आणि पिसांचा बारीक तपशील तिथेच पहिला मरतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि निवाडा करायचा तो संगणकावर, मूळ फाइल शंभर टक्के मोठी करून, डोळ्यापाशी बघून.

उलट चूकही होते. शंभर टक्क्यांवर कुठलाच उडता पक्षी सुरीसारखा दिसत नाही. इन्स्टाग्रामवर जे बघून तुम्ही जळता ते फोटो लहान करून, त्यानंतर शार्प करून टाकलेले असतात. तुमचा फोटो २००० पिक्सेलपर्यंत लहान करून बघा. त्यात डोळ्यातला उजेडाचा ठिपका स्पष्ट दिसला तर लेन्स ठणठणीत आहे.

काच, धूळ, दव

लेन्सच्या तोंडावर दोन-तीनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर असेल तर आधी तो काढून चार फोटो मारा. ६०० मिलिमीटरला स्वस्त काचेचा एवढासा वाकडेपणाही दिसतो, लग्नाच्या हॉलमध्ये २४-७० वर तोच फिल्टर दिसला नव्हता म्हणून इथेही चालेल असं नाही. संरक्षणासाठी हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं नळकांडं, पुरेसा आहे.

दुसरं दव. खटाव-माणच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच बोचरी असते. रात्रभर उघड्यावर गारठलेली लेन्स काच लावलेल्या गाडीत आणली, की आत बसलेल्यांच्या श्वासाची वाफ तिच्यावर धरते. उलट हीटर लावून आलेल्या गाडीतून ऊबदार लेन्स थंडीत काढली, तर वाफ धरत नाही पण हूडच्या आतली गरम हवा बाहेर पडताना घुसळत राहते. फोटो मऊ येतो आणि कारण दिसत नाही. इलाज बिनपैशाचा आहे. तलावावर पोचल्याबरोबर बॅग उघडी ठेवा, लेन्सला बाहेरच्या हवेशी जुळायला वीस-पंचवीस मिनिटं द्या, तोवर चहा प्या. गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर इंजिन बंद आणि दोन्ही काचा खाली. तापलेल्या बॉनेटवरून कधीच नाही.

बटणं

लेन्सच्या अंगावरची तीन बटणं बघा. बॅगेत घासून ती हलतात.

पहिलं एएफ-एमएफ, म्हणजे फोकस आपोआप की हाताने; ते एएफवर हवं. दुसरं फोकस लिमिटर. ते "१० मीटर ते इन्फिनिटी"वर ठेवा, म्हणजे फोकस हुकला तरी लेन्स पायाजवळच्या गवतापर्यंत जाऊन परत येण्यात दोन सेकंद घालवणार नाही. बदक तेवढ्यात निघून जातं. तिसरं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचं हलणं भरून काढणारी सोय. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना साधा मोड तुमचं फिरवणंच "हलणं" समजून उलटं ओढतो. बऱ्याच लेन्सना यासाठी मोड २ असतो, निकॉनच्या काहींवर स्पोर्ट असतो. तो लावा. शटर १/२००० च्या पुढे असेल तर स्टॅबिलायझेशन पूर्ण बंद करूनही एकदा बघा, काही जुन्या लेन्स तशाच जास्त बऱ्या चालतात.

कॅमेऱ्यात फोकसचा मोड सतत चालणारा हवा. निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. सिंगलवर ठेवलेला असेल तर कॅमेरा एकदा फोकस पकडतो आणि थांबतो, बदक मात्र थांबत नाही. "बसलेलं चांगलं, उडालेलं मऊ" या तक्रारीचं सगळ्यात सरळ कारण हेच, आणि ते सापडलं की माणूस चहासुद्धा न घेता निघून जातो.

शटर

हिशोब करून दाखवतो, म्हणजे पुन्हा वाद नको. बदक ताशी ६० किलोमीटरने चाललंय असं धरा. सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. १/५०० सेकंदात ते तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकतं, १/२००० सेकंदात साधारण आठ मिलिमीटर. कॅमेरा त्याच्या गतीने नीट फिरला तर अंगाचं सरकणं भरून निघतं. पण पंख वर-खाली चाललेत, त्यांच्यामागे कॅमेरा फिरवता येत नाही. म्हणजे अंग सांभाळतो तुमचा हात आणि पंख सांभाळतो शटर. अंग पुसट असेल तर हात सुधारा, फक्त पंख पुसट असतील तर शटर वाढवा.

माझं सेटिंग असं, मॅन्युअल मोड, शटर १/२०००, अॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड, आकडा मोठा तितकं लहान) एफ/६.३ किंवा एफ/८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००. लहान, झपाट्याने फडफडणाऱ्या चक्रांगासारख्या बदकाला १/३२००. चक्रवाक किंवा नशिबाने पट्टकादंब हंस आला तर त्यांचे पंख सावकाश चालतात, १/१६०० लाही भागतं.

सूर्य उगवता उगवता या सेटिंगला आयएसओ तीन-चार हजारांवर जातो आणि लोक घाबरून शटर १/५०० वर आणतात. घाबरू नका. ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतं, हललेला पक्षी कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

पंखांच्या टोकांचं आता. ६०० मिलिमीटर, एफ/६.३, क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आणि बदक ३० मीटरवर असेल तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम ६० सेंटीमीटर. चक्रवाकाच्या पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या आसपास. तो आडवा चालला असेल तर एक पंख तुमच्याकडे, दुसरा पलीकडे. डोळा शार्प असेल तर टोकं मऊ राहणारच. ती लेन्सची चूक नाही, भूमिती आहे. फारच खुपत असेल तर एफ/८, खोली ८० सेंटीमीटरपर्यंत जाते.

फोकस कुठे बसतोय?

कॅमेऱ्यातल्या फोकस पॉइंटचा ठिपका फोटोवर दाखवणारं सॉफ्टवेअर कंपन्या फुकट देतात. कॅननचं डीपीपी, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. ते उघडा आणि बघा, ठिपका बदकावर होता का? दहापैकी सहा फोटोंत तो बदकामागच्या चमकत्या पाण्यावर असेल तर लेन्सला काही झालेलं नाही.

पाणी हा फोकसचा शत्रू आहे. लाटेवरची चमक, पाणकणसाची उभी पाती, बदकाचं स्वतःचं प्रतिबिंब, या सगळ्यांत कॉन्ट्रास्ट जास्त, आणि कॅमेरा कॉन्ट्रास्टकडे धावतो. मातकट हळदीकुंकू बदक मातकट काठासमोरून गेलं तर कॅमेऱ्याच्या लेखी काठच जास्त ठळक असतो. म्हणून मागे आकाश असेल तर फोकसचा मोठा झोन चालतो, मागे झाडी किंवा काठ असेल तर मधला एक पॉइंट आणि त्याच्या भोवतीचे चार-आठ, बस. नव्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांमधलं पक्ष्याचा डोळा ओळखणारं फोकस जवळच्या पक्ष्याला कमाल आहे, पण तीस-चाळीस वारकरी पाणपक्ष्यांचा थवा पाण्यावरून पळत सुटला की ते याच्यावरून त्याच्यावर उड्या मारतं. तिथे मी ते बंद करतो.

ट्रॅकिंगचं एक सेटिंग असतं, मध्ये काही आलं तर कॅमेऱ्याने लगेच तिकडे वळायचं की थोडं थांबायचं. ते "थांबायचं" या बाजूला सरकवा. बदक एका झुडपामागून जाऊन बाहेर येतं तेवढ्या वेळात फोकस झुडपावर बसत नाही.

आणि पकड लवकर घ्या. बदक फ्रेममध्ये मोठं दिसेपर्यंत थांबून मग बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. लांब असतानाच फोकस धरा, सोबत फिरत राहा, जवळ आलं की बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फोटो. पाय ज्या दिशेला शेवटचा फोटो हवा तिकडे रोवा आणि कमरेपासून मागे वळा, म्हणजे फिरताना अंग सुटत जातं. उलटं केलं की नेमक्या क्षणी अंगाला पीळ पडतो आणि फ्रेम हिसका खाते.

आता वाऱ्याबद्दल, कारण अर्धे फोटो इथेच जमतात किंवा बिघडतात. बदकं वाऱ्याच्या तोंडावर उडतात आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतात. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा बहुतेक पूर्व किंवा ईशान्येकडून असतो, सूर्यही तिकडेच. म्हणजे तलावाच्या पूर्व काठावर पाठीमागे सूर्य घेऊन बसलात की उजेड पक्ष्याच्या तोंडावर आणि पक्षी तुमच्याकडे तोंड करून. पश्चिम काठावरून काढलेल्या फोटोत काळी आकृती आणि शेपटी, ते कितीही शार्प असलं तरी कोण बघणार? मात्र सरळ अंगावर येणारा पक्षी फोकसला सगळ्यात अवघड, कारण अंतर क्षणाक्षणाला बदलतं. नवशिक्याने आधी आडव्या उड्डाणावर हात बसवावा.

उड्डाणाची चाहूलही लागते. थापट्या, तलवार, हळदीकुंकू ही वरवर चरणारी बदकं जागेवरून सरळ वर उसळतात, त्यांच्यावर थोडी जागा सोडून फ्रेम धरा. वारकरी पाण्यावरून धावत जाऊन मग उचलतो, त्याच्या पुढे जागा सोडा. चक्रवाक उडण्याआधी माना वर करून ओरडायला लागतात. हे दिसलं की बोट बटणावर.

"अॅक्शन" हवी म्हणून दगड मारून किंवा काठावर धावून थवा उठवणारे महाभाग आहेत. मायणीचा परिसर २०२१ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे हे चालणार नाही हे एक. दुसरं, घाबरून उठलेलं बदक तुमच्यापासून लांब जातं. पदरात पडतात फक्त शेपट्या, आणि तो तलाव त्या दिवसापुरता संपला.

हवा: सगळ्यात जास्त लेन्स हिच्यामुळे विकल्या जातात

गुऱ्हाळात चुलवाणाच्या पलीकडे उभा असलेला माणूस कसा थरथरता दिसतो? ६०० मिलिमीटरमधून तलावाच्या मध्यावरचं बदक तुम्ही तशाच हवेतून बघत असता. फरक एवढाच की डोळ्याला ती थरथर जाणवत नाही, सेन्सरला जाणवते.

जमीन किंवा पाणी आणि वरची हवा यांच्या तापमानात फरक पडला की गरम हवेचे पट्टे वर चढायला लागतात. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. लेन्सपासून पक्ष्यापर्यंत असे शेकडो पट्टे असतील तर पिसांची रेघ सेन्सरवर एका जागी पडतच नाही. लेन्स जितकी मोठी तितकं हे जास्त दिसतं. म्हणजे याच कारणाने वैतागून मोठी लेन्स घेतली की त्रास वाढतो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, पण खरं आहे.

आपल्या तलावांची गोष्ट वाईट यासाठी, की पाऊस कमी झाला की पाणी आटत मध्यभागी जातं. काठाभोवती उघडा पडलेला काळा गाळ सकाळचं ऊन लागल्याबरोबर तापतो. पक्षी पाण्यासोबत आत सरकलेला आणि तुम्ही त्या तापलेल्या गाळाच्या पट्ट्यावरून नेम धरलेला. साडेआठ-नऊनंतर तिथून शंभर मीटरवरचं काही शार्प येईल ही आशाच सोडा. भर थंडीत अगदी पहाटेही सुटका नाही. रात्रभर पाणी हवेपेक्षा ऊबदार राहतं, पृष्ठभागावरून वाफ उठताना दिसते ना, तीच तुमच्या फोटोत असते. वाफेचा फोटो म्हणून ती सुंदर, पिसांच्या तपशिलाला मारक.

तपासणी अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा बीनबॅगवर ठेवा. समोरच्या काठावरचा एखादा खांब, विहिरीचा कठडा, पाटी, काहीतरी न हलणारं धरा. बदक जिथे होतं साधारण तेवढ्याच अंतरावरचं. १/२००० ला, फोकस एकदा धरून मग एमएफ करून, लागोपाठ वीस फोटो. संगणकावर एकामागून एक बघा. खांबाची कड प्रत्येक फोटोत वेगळी, कधी सरळ कधी नागमोडी, एखादा फोटो मध्येच एकदम स्वच्छ, असं असेल तर दोष हवेचा. वीसच्या वीस सारखेच मऊ असतील तर दोष फोकसचा किंवा लेन्सचा. मग तोच प्रयोग पंधरा मीटरवरच्या एखाद्या पाटीवर करा. जवळचं कडक आणि लांबचं नागमोडी आलं, की लेन्सला निर्दोष सोडून द्या.

हवेवर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. शार्पनिंग वाढवलं की ती नागमोडी कडच ठळक होते. उपाय फक्त अंतर कमी करणं. म्हणजे पक्ष्याच्या मागे धावणं नव्हे. उजाडायच्या आत जाऊन बेशरमीच्या आडोशाला, मातकट कापडाखाली गप बसणं. पक्षी चरत चरत वीस-पंचवीस मीटरवर आपणहून येतात. ढगाळ दिवस सोडू नका, जमीन तापत नाही. आणि नऊ वाजले की लांबच्या पिसांचा नाद सोडून थव्याचे, आकाशातल्या रांगांचे फोटो काढा. वर बघताना तापलेल्या थरातून कमी अंतर जावं लागतं, फोटो बरे येतात. येरळवाडीला रोहित पक्षी आले असतील तर थव्याच्या फोटोला तीच वेळ बरी.

एक सूचना काठावर पालथं झोपून खालच्या कोनातून काढणाऱ्यांसाठी. सांगली, भिलवडी, औदुंबर या कृष्णेच्या पट्ट्यात मगरी आहेत. नदीच्या पात्रालगत पाण्याच्या कडेला झोपून डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा नाही. घाटावरून, उंचावरून काढा. तलावाचा ओला गाळही वरून सुकलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत ओढतो, ट्रायपॉडचा पाय आधी टोचून बघा.

एडिटिंगने बिघडवलेला फोटो

कार्डातली मूळ फाइल बरी आणि अंतिम फोटो चिखल असेल तर तीन ठिकाणी बघा.

क्रॉप. २४ मेगापिक्सेलच्या फ्रेमच्या रुंदीचा एक-तृतीयांश भाग ठेवला तर उरतात २००० बाय १३३३, म्हणजे पावणेतीन मेगापिक्सेलच्या आत. मोबाइलवर भागेल, १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला नाही, त्यासाठी निदान ३६०० बाय २४०० हवेत. बदक फ्रेमच्या दहाव्या भागाएवढं असेल तर तो फोटो तलावाचा समजा, बदकाचा नाही.

उजेड. आकाशासमोरचं गडद बदक काळं पडतं, कारण ऑटो मीटर आकाश बघतो. मग घरी तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर ओढलं जातं, ग्रेन फुटतं, ते मारायला नॉइज रिडक्शन शंभरवर, आणि पिसं मेणाची. आयएसओ ३२०० ला बरोबर उजेडात काढलेला फोटो आयएसओ ८०० ला काळा काढून वर ओढलेल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच सरस निघतो. आकाशासमोर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड मुद्दाम कमी-जास्त करायचं सेटिंग) +१ ते +१.३ ठेवा. पांढरा बगळा किंवा रोहित गडद पाण्यासमोर असेल तर उलट -०.७, नाहीतर पांढऱ्यातली पिसं जळतात आणि जळलेलं रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येही) परत येत नाही.

क्रम. रॉ फाइलवर आधी उजेड आणि रंग, मग ग्रेन कमी करणं, मग क्रॉप, मग ज्या मापात वापरायचा त्या मापाला लहान करणं, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी. तेही फक्त पक्ष्यावर. लाइटरूममध्ये मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, पांढरं दिसतं तिथेच शार्पनिंग लागतं. पाणी आणि आकाश काळं होईपर्यंत ओढा. गुळगुळीत पाण्यावर शार्पनिंग लावलं की तिथे नसलेली वाळू उगवते. चोचीभोवती पांढरी रेघ दिसू लागली की मागे या, तुम्ही पुढे गेलात.

एआयवाल्या शार्पनिंगबद्दल माझं मत कडक आहे. ती सॉफ्टवेअरं नसलेली पिसं काढून देतात. घरच्या भिंतीसाठी ठीक. पण त्याच फोटोवरून पक्षी ओळखायचा असेल, नोंद टाकायची असेल, तर चक्रांग आणि भुवई बदकाची मादी यांच्यात फरक करणाऱ्या बारीक खुणाच त्यात बदलून जातात. मूळ फाइल जपून ठेवा.

एवढं करूनही मऊच असेल तर

आरशाचा डीएसएलआर असेल तर एक शेवटची घरगुती तपासणी. ट्रायपॉड, वीसेक मीटरवर भिंतीला चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद, अॅपर्चर पूर्ण उघडं. एकदा लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून फोटो, एकदा व्ह्यूफाइंडरने. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा धरायचा, असं पाच-सहा वेळा. लाइव्ह व्ह्यू कडक आणि व्ह्यूफाइंडर सातत्याने मऊ असेल तर कॅमेरा आणि लेन्सचं जुळत नाही. मधल्या आणि वरच्या मॉडेलमध्ये फोकस फाइन ट्यूनची सोय असते, -२० ते +२०. पाच-पाचच्या टप्प्याने बघा. २० ला जाऊनही भागलं नाही तर तिथेच थांबा, ते काम सर्व्हिसचं. मिररलेसवाल्यांनी हा परिच्छेद विसरावा, तिथे फोकस सेन्सरवरच मोजला जातो.

लेन्स आणि बॉडीच्या जोडणीवरचे सोनेरी ठिपके कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने हलके पुसा. खोडरबर, सँडपेपर, पेट्रोल यांतलं काहीही नको.

इथे हात थांबवा

एकच बाजू कायम मऊ असेल तर आतलं भिंग सरकलंय. विशेषतः लेन्स कधी पडली असेल तर. हलवल्यावर आत खुळखुळ वाजतंय (काही लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन बंद असताना थोडा आवाज येतो, तो वेगळा, आधी होता का ते आठवा), झूम रिंग अडकतेय, एरर येऊन कॅमेरा बंद पडतोय, या सगळ्यांत घरी करण्यासारखं काही नाही.

अंधारात टॉर्च लावून लेन्समधून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर बुरशी आहे. कोयना, महाबळेश्वर, पाटणकडचे लोक याला ओळखून आहेत, पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अशी लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. लवकर दिली तर साफ होते. काचेचं कोटिंग खाल्लं गेलं की डाग कायमचा. साफ करून आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आर्द्रता ४०-५० टक्के राहिली म्हणजे झालं.

कॅमेरा पाण्यात पडला तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी आणि कार्ड काढा, वरचं पाणी टिपा, तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते. त्याच दिवशी सर्व्हिसला पोचवा. तलावाचं गढूळ पाणी सुकलं की गाळ आतल्या पट्ट्यांवर चिकटून बसतो, मग दुरुस्तीचा खर्च नव्या बॉडीच्या जवळ जातो.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे किंवा "उघडून बघतो" म्हणणाऱ्या मित्राकडे लेन्स देऊ नका. भिंगांचं केंद्र जुळवायला यंत्र लागतं. एकदा चुकीची खोलली की अधिकृत सर्व्हिस सेंटरही कधीकधी हात लावत नाही. जाताना कार्डावर खांबाचे वीस फोटो, वर्तमानपत्राचे फोटो आणि एक-दोन उडत्या बदकांचे, सगळे मूळ फाइल म्हणून न्या. कागदावर लिहा, कुठल्या फोकल लेंथला, किती अंतरावर, कुठली बाजू. "मऊ येतं" एवढंच सांगितलं तर ते साफ करून परत देतात. लेन्ससोबत बॉडीही न्या, दोन्ही एकत्र तपासायला सांगा, आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा. अंदाज लेन्सच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेला तर दुरुस्ती नको म्हणा.